सपाट ते खारघरला

नलूमावशी, काल दुपारी तुझ्या पुढच्या खोलीत अकरा बायका गळ्यात कागदाचे दागिने घालून बसल्या होत्या. आल्या होत्या समाचाराला. दाराशी चपला काढेपर्यंत तोंडं तशीच होती, पदर डोळ्यांना लागलेले होते. नंतर जे झालं ते तू असतीस तर तुला फार आवडलं असतं, आणि तू असतीस तर ते झालंच नसतं. तुला जाऊन नऊ दिवस झाले. एवढ्यात हसलेलं चालतं का, असं तुझ्या भाचीने, रेखाने, मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन विचारलं. मी म्हटलं, मावशीलाच विचार. मग आम्ही दोघी हसलो, थोडं रडलोही, पण चहा उतू जायला लागला म्हणून ते रडणं आटोपतं घ्यावं लागलं.

तुझ्यावर चार ओळी लिहा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. जन्म कधी, शिक्षण किती, सराफांसाठी किती वर्षं नक्ष्या काढल्या, असं सगळं. ते मी लिहिणार नाही. तुला तारखा कधी आठवायच्या नाहीत आणि मला तारखांचा भारी सोस, यावरून आपली निम्मी भांडणं झाली. उरलेली निम्मी कागदांवरून झाली, आणि त्यातलं एक अर्धवट राहिलंय. तू मधेच उठून गेलीस म्हणून ते तुझ्या बाजूने लागलं, असं मी मानणार नव्हते. ते मिटवायला म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपली ओळख माझ्या सासूबाईंच्या कुड्यांमुळे झाली. फिरकी सैल झाली होती म्हणून मी जुन्या पनवेलात सराफाकडे आले, तर दुकानात नव्या काचा आणि दिवे बसवायचं काम चाललेलं, आणि दाराजवळ जुन्या कागदांचा ढीग. त्यात मला एक ठुशी दिसली. जाड कागदाची, मण्यामण्याला बारीक कातरलेली, पिवळ्या रंगाने रंगवलेली, दोन टोकांना भोकं आणि भोकांत दोरा. ती सपाट पडलेली नव्हती. कुणीतरी आत्ताच गळ्यातून काढून ठेवल्यासारखी गोल वाकलेली होती. मी खारघरला डिझाइन कॉलेजच्या लायब्ररीत आहे. दागिन्यांच्या नक्ष्या, कपड्यांची जुनी चित्रं, शिंप्यांच्या वह्या असलं सगळं गोळा करून जपणं हे माझं पोटापाण्याचं काम. ढीग दिसला की माझे हात शिवशिवतात. सराफ म्हणाले, ताईंचे कागद आहेत, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, हवे तर न्या, पण त्यांना विचारून न्या. विचारायला म्हणून तुझ्याकडे आले, ती सहा वर्षं येतच राहिले.

तू दार उघडलंस आणि माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघितलंस. ही तुझी खोड कुणालाही बावचळून टाकणारी होती. मग म्हणालीस, "गळा लांब आहे. पण मान पुढे काढून चालतेस, त्यामुळे फुकट जातो." मी कॉलेज, लायब्ररी, संग्रह वगैरे सांगायला लागले, तर तेव्हापासून तू मला लायब्ररीच म्हणायला लागलीस. माझं खरं नाव तुला माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. पहिल्या दोन भेटींत मी तुम्ही-तुम्ही करत होते. तिसऱ्या भेटीत तू वैतागलीस. मावशी म्हणतेस आणि अहोजाहो करतेस, मी काय तहसीलदार आहे का, म्हणालीस.

तुझी कामाची रीत कळायला मला महिना लागला. दागिना आधी कागदावर काढतात आणि मग सोन्यात घडवतात, एवढंच मला माहीत होतं. तुझ्याकडे या दोन्हींच्या मधे आणखी एक दिवस असायचा. नक्षी ठरली की तू ती खऱ्या मापाने जाड कागदावर उतरवायचीस, कातरायचीस, रंगवायचीस, आणि ज्या बाईचा दागिना तिच्या गळ्यात बांधून तिला घरी पाठवायचीस. एक दिवस घालून वावर, म्हणायचीस. पाणी भर, भाकऱ्या थाप, सासूला दाखव, आणि कुठे टोचलं ते उद्या येऊन सांग. लग्नात अर्धा तास सगळंच शोभतं, भांडी घासताना जो त्रास देत नाही तो खरा दागिना, हे तुझं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या दिवशी कागद परत यायचा तो हळदीचे डाग, पावडर, चुलीचा धूर असं सगळं घेऊन, आणि दिवसभराच्या घामाने त्या गळ्याचा बाक घेऊन. मग तू कुठे एक मणी कमी करायचीस, कुठे कोयरी कलती करायचीस, आणि तेव्हा कुठे कारागिराने सोन्याला हात लावायचा. काम झालं की कागद तुझ्याकडे जमा. बिस्किटांचे चौदा पत्र्याचे डबे भरले होते.

ट्रंकेतली चित्रं वेगळीच. दागिना नुसता काढायचा नाही, हा तुझा नियम. गळ्याशिवाय हार म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धुणं, म्हणायचीस. त्यामुळे प्रत्येक नक्षीखाली कमरेपर्यंत अख्खी बाई. अंबाडा, पदर, ब्लाउजचा गळा, बाह्या, आणि असेल तर हनुवटीवरचा तीळसुद्धा. मी ती चित्रं एकदा जमिनीवर ओळीने मांडली, तर पनवेलच्या कितीतरी वर्षांच्या बाह्या माझ्यासमोरून चालत गेल्या. कोपरापर्यंत होत्या, वर चढल्या, फुगल्या, पार नाहीशा झाल्या आणि परत कोपरापर्यंत आल्या. मी हरखून म्हटलं, मावशी, हा तर फॅशनचा इतिहास आहे. "फॅशन कसली," तू म्हणालीस, "उकाडा." मग थोड्या वेळाने स्वतःच एक चित्र उचलून म्हणालीस, ही मात्र फॅशन हो, घामाने निथळायची पण फुगे सोडायची नाही.

दागिन्यांसाठी तू कागद विकत कधी घेतला नाहीस. लग्नपत्रिका वापरायचीस. जाड, गुळगुळीत, आणि दर लग्नसराईत घरोघरच्या लोकांनी आणून दिलेल्या. त्यामुळे प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर कुणाच्या तरी लग्नाचं अर्धं आमंत्रण असायचं. मी पहिल्या चार महिन्यांत दोन डब्यांची यादी केली, ती या पाठीवरच्या नावांवरून. पत्रिकेतली नवरी तीच दागिन्याची मालकीण, असं धरून मी गाव, मुहूर्त, नवऱ्याचं नाव, सगळे रकाने भरले आणि मोठ्या ऐटीत तुला वाचून दाखवायला आले. तिसऱ्या नावाला तू चष्मा काढलास. पाचव्याला पदर तोंडाला लावलास. मग तुला ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना. "अगं लायब्ररी," तू कशीबशी म्हणालीस, "अर्ध्या विचुंबे गावाची लग्नं परत लावलीस की तू, आणि तीही भलत्यांशी."

पाठीवरचं नाव म्हणजे गळा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले. मग खरं नाव कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. तू कागद उचलायचीस, मुठीवर पालथा ठेवायचीस, जरासा फिरवायचीस आणि सांगायचीस. हा आपटा गावच्या मास्तरणीचा, डावा खांदा खाली, कारण त्या बाजूला वह्यांची पिशवी. हा तन्मणी गोखल्यांच्या थोरलीचा, ती मान वर करून बोलते. बाकावरून तुला माणूस कळायचं. तू सांगायचीस, मी शेजारी बसून लिहून घ्यायचे, आणि मधेमधे तू त्या बाईची सगळी गोष्ट सांगायचीस, जी रकान्यात मावायची नाही म्हणून मी वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. आता ती मागची पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त झाली आहेत. या दुपारी माझ्या नोकरीतल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या, हे मी तुला सांगायला हवं होतं. तू म्हणाली असतीस, मग पगार मला दे.

तेव्हा तू पिराबाईचा कागद शोधत होतीस. विचुंब्याची पिराबाई, आगरी, तुझ्याच वयाची, दर थंडीत तुला वालाच्या शेंगा आणून देणारी. लग्नाआधी तिला कागदाची ठुशी बांधून तू घरी पाठवलंस, तर ती घरी न जाता ठुशी घालून दिवसभर मिठागरात राबली होती. परत आली तेव्हा कागदाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेली. ही गोष्ट तू मला निदान दहा वेळा सांगितलीस. अकरा डबे उघडून झाले, नावं लागली, पण पिराबाई सापडेना. राहिलेल्या तिनांत असेल, जाते कुठे, असं म्हणून तू डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीस.

आता ते सांगते, ज्याबद्दल आपण दोघी पुन्हा कधीच बोललो नाही. ऑपरेशननंतर रेखा तुला पंधरा दिवस आपट्याला घेऊन गेली आणि घराची किल्ली माझ्याकडे दिली. राहिलेल्या तीन डब्यांची झाकणं लागत नव्हती, कारण वाकडे कागद एकमेकांवर बसत नाहीत. मी नुकतीच जुने कागद जपण्याचं एक शिबिर करून आले होते आणि नवं शिकलेल्या माणसाला असते तेवढी खुमखुमी मला होती. तीन डब्यांतला एकेक कागद मी टिपकागदांत ठेवून किंचित दमट केला, वर काच ठेवली, आणि काचेवर वजन म्हणून तुझाच पाटा ठेवला. आठ दिवसांत सगळे कसे इस्त्री केल्यासारखे झाले. तीन डब्यांचे कागद एका डब्यात मावले. मला वाटलं, मावशी खूश होईल.

तू काळा चष्मा लावून परत आलीस. डबा उघडलास, वरचा कागद मुठीवर ठेवलास. तो बसला नाही. दुसरा ठेवलास, मग तिसरा. "हे कुणाचे?" तू विचारलंस. मी म्हटलं, मावशी, आता शंभर वर्षं टिकतील. "टिकतील," तू म्हणालीस. "पण कुणाचे म्हणून?"

आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मीही आले नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता, कारण पुस्तकाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. नवव्या दिवशी रेखाच्या हाती तू सोडे घातलेली वांगी पाठवलीस. डबा धुऊन परत द्यायला मी आले, तू म्हणालीस, तिखट जास्त झालं का, मी म्हटलं, नाही. तिथे तो विषय संपला. मला माफ कर, असं मी म्हणायला हवं होतं. तेवढंच म्हणायचं राहिलं, आणि बाकीचं हजार वेळा बोलून झालं.

त्यानंतरच्या थंडीत मला खोकला झाला होता, ते तुला आठवत असेल. तू कुठून तरी काळा दोरा काढलास, माझ्या गळ्याभोवती धरलास, गाठ मारलीस आणि परत काढून घेतलास. उद्या मंतरून देते, म्हणालीस. तू कधीपासून मंतरायला लागलीस, असं मी विचारलं, तर गप बस म्हणालीस. दोरा काही मिळाला नाही. खोकला आपणहून गेला आणि मीही विसरून गेले.

मग कॉलेजचं पत्र आलं. तुझा सगळा संग्रह घ्यायला ते तयार होते. चित्रं, कागदाचे दागिने, सगळं. सपाट खणांची लोखंडी कपाटं, थंड खोली, आणि अट एकच, हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी पेढे घेऊन आले होते. चित्रं ने, तू म्हणालीस, चित्र सपाटच असतं. पण दागिने देईनास. कागद गळ्यात घालायचा असतो, खणात घातला की मग तो नुसता कागद राहतो, असं तुझं म्हणणं. बायका घालतील, फाडतील, घरी नेतील, असं माझं. एखादा फाटला तर फाटला, तू म्हणायचीस, वापरून फाटला म्हणजे चोरीला गेला असं होत नाही. मी नियम सांगायचे, तू गोष्टी सांगायचीस. असं वर्षभर चाललं. शेवटच्या आठवड्यात तुला धाप लागायची, तरी मी पत्र पुढे केलं, कारण कॉलेजने येत्या सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. तू हाताने थांब अशी खूण केलीस. चित्रं ने, कागदांचं सांगते नंतर, म्हणालीस. पण ते नंतर आलंच नाही.

त्यामुळे काल मी तुझ्या घरी बसले होते ती खरं म्हणजे पत्र खिशात घेऊन. सगळं देऊन टाकावं, असं जवळजवळ ठरलं होतं. नाव माहीत असलेले अकरा डबे, आणि माझ्या हातून नाव गेलेला एक. तेवढ्यात पिराबाई गावातल्या पाच-सहा जणींना घेऊन आली. मागोमाग जुन्या बाजारातल्या जुबेदाआपा आल्या, त्यांच्या लेकी आल्या, आपट्याची मास्तरीण आली. खोली भरली. पंखा तेवढा फिरत होता, आणि थोड्या वेळाने वीज गेली तशी तोही थांबला. मग पिराबाईने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "माजा कागद हाय का गो?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, असेल, पण मला ओळखता येणार नाही, कारण मी ते सगळे सपाट केले. मावशी नसताना केले. माझी चूक झाली. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते, आणि ते तुझ्यासमोर म्हणायचं होतं ते तुझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. पिराबाईला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. "आन इकरं," ती म्हणाली.

डबा चटईवर रिकामा केला. त्यात ठुश्या सात की आठ निघाल्या, एकीसारखी दुसरी. पिराबाईने एक उचलली, उलटसुलट केली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिच्या कडेला जीभ लावली. ठेवून दिली. दुसरी उचलली, तिलाही लावली. संग्रहातल्या वस्तूला जीभ लावणं कुठल्याच नियमावलीत बसत नाही, पण तिसरी मीच तिच्यापुढे सरकवली. चौथीला ती थांबली. पुन्हा एकदा चाटून बघितली.

"खारट हाय," ती म्हणाली. "माजाच."

आणि तिने ठुशी गळ्याला लावून मानेमागे दोरा धरला, बांध म्हणून माझ्याकडे पाठ केली. मी बांधली. हातमोजे घातले नव्हते. बाकीच्या मग कशाला थांबतात? जुबेदाआपांनी आपला हार मेंदीच्या अंगठ्यावरून ओळखला. लग्नाच्या आदल्या दिवशीची ओली मेंदी लागून कडेला अंगठा उमटला होता, आणि तो ठसा आपलाच आहे हे सिद्ध करायला त्यांनी सगळ्यांना अंगठा दाखवला. कुणी डागावरून ओळखला, कुणी नुसताच घालून बघितला, बसला नाही म्हणून शेजारणीला दिला. तुझ्या मापात तसूभरही फरक नसायचा, त्यामुळे जिचा तिलाच बसत होता. हसण्याचा आवाज इतका झाला की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून वर आले. वीज नव्हती, खोलीत उकडत होतं, सगळ्यांचे गळे घामाने भिजले होते. मी बघत होते, मावशी. मी पाट्याखाली दाबलेले कागद माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून पुन्हा वाकत होते.

मी वही घेऊन बसले आणि नावं लिहायला लागले. संध्याकाळपर्यंत त्या डब्यातली निम्मी नावं परत आली. उरलेल्यांना निरोप धाडते, पिराबाई म्हणाली, ज्या गेल्या त्यांच्या लेकींचे गळे असतील की.

मग रेखाने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. तुझ्या औषधांच्या पिशवीमागे होतं, म्हणाली. आत कागदाची वजरटीक होती, गळ्याला घट्ट लागून बसणारी. रुंद, तीन पदरी, नवा पिवळा रंग, आणि अगदी सपाट. मी दाबलेली नव्हती. मी उलटून बघितली तर पाठीवर तुझ्याच लग्नाची पत्रिका. जन्मभर दुसऱ्यांचं सोनं काढलं आणि स्वतः घातलं नाही, शेवटी स्वतःसाठी केलं असेल, असं मास्तरीण म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मलाही तसंच वाटलं. पिराबाईने मात्र ती माझ्या हातातून घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"मागं काय लिवलंय ते सोर. कड बग. कापताना हात थरथरलाय. ह्यो आताचा हाय." मग तिने भोकातला दोरा वर धरला. "आनि दोरा कुनाचा?"

दोरा काळा होता. त्याला मापाची गाठ होती. माझ्या खोकल्याची.

पाठीवरचं नाव म्हणजे गळा नव्हे, हे तू मला शिकवलंस आणि मी पुन्हा तीच चूक केली. "घाल," पिराबाई म्हणाली. "बसला तं तुजा." मी घातली. बसली.

आज सकाळी मी कॉलेजला कळवलं. चित्रं घेऊन जा, अख्खी ट्रंक घेऊन जा. दागिने मिळणार नाहीत. सपाट ते खारघरला, बाकदार ते इथे, तुझ्या पुढच्या खोलीत, बिस्किटांच्या डब्यांत. रेखाची हरकत नाही. दर बुधवारी दुपारी मी तिथे असेन, ज्यांना आपला कागद शोधायचा असेल त्यांनी यावं. साहेबांनी फोनवर विचारलं, मॅडम, वस्तूंच्या सुरक्षिततेचं काय? मी म्हटलं, एखादी फाटली तर फाटली. भांडण तू जिंकलीस, आणि तेही न बोलता, हे काही बरोबर नाही.

ती वजरटीक मी कालपासून घातली आहे. कुणाला दाखवायला नाही, तुझ्या नियमाप्रमाणे. पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, सासूबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, कागदाची का असेना, शोभते हो. मग हे लिहायला कॉम्प्युटरसमोर बसले आणि सवयीने मान पुढे गेली, तर वरची कड हनुवटीखाली अशी लागली की ताठ बसावं लागलं. पुन्हा वाकले, पुन्हा लागली. हे सगळं मी ताठ मानेने लिहिलं आहे. आता काढून टेबलावर ठेवली, तर ती सपाट राहत नाही.

कुठे टोचलं ते उद्या येऊन सांग, म्हणायचीस ना? हनुवटीखाली टोचतं, मावशी. तिथे काही बदलू नकोस.